विमानाचे तोंड

धारूरच्या बाजारगल्लीत वैजिनाथअप्पा शेटे यांच्या बैठकीच्या खोलीत, भिंतीतल्या कपाटात, एका लढाऊ विमानाची प्रतिकृती ठेवलेली होती. तिचे तोंड सकाळी रस्त्याच्या दाराकडे असे आणि संध्याकाळी आतल्या खोलीच्या दाराकडे. कपाटाला काचेचे दार होते, दाराला कुलूप होते आणि किल्ली अप्पांच्या खिशात असे.

“तूच सांग आता,” अप्पांच्या पत्नी मल्लम्मा सोमेश्वरला म्हणाल्या. “सकाळी तू आलास तवा कुनीकडं होतं तोंड?”

सोमेश्वर हा त्यांच्या विधवा सुनेचा भाऊ. तो तलवाड्याहून पहिल्या गाडीने आला होता, जेवून जरा आडवा झाला होता आणि आता निघण्यापूर्वी चहा घेत होता. त्याने कपाटाकडे पाहिले.

“रस्त्याकडं होतं, मावशी.”

“आन् आता?”

सोमेश्वरने पुन्हा पाहिले. विमानाच्या नाकाच्या सरळ रेषेत आतल्या खोलीचे दार होते, आणि दारामागे त्याची बहीण अपेक्षा कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला घेऊन जाण्यासाठीच तो आला होता. गेवराईला शेतीच्या अवजारांचे दुकान असलेल्या एका घरातून तिला मागणी आली होती. मुलगा विधुर होता, शिकलेला होता, आणि त्या मंडळींना दसऱ्याच्या आत उत्तर हवे होते. अप्पांची या गोष्टीला हरकत नव्हती. तलवाड्याला पहिला निरोप त्यांनीच धाडला होता. मल्लम्मांनीही नाही म्हटले नव्हते. नाही म्हणत होती ती अपेक्षा, आणि तिचे कारण ती दुपारीच दाराआडून भावाला सांगून मोकळी झाली होती.

“ते अजून इथं हायेत, दादा. मी कशी येऊ?”

सोमेश्वरने कप खाली ठेवला. पुढच्या रविवारी पुन्हा येतो, म्हणाला. त्यानंतर मात्र ती माणसे थांबणार नाहीत. चपला घालताना तो अप्पांजवळ वाकला आणि त्याने हलक्या आवाजात त्यांना विचारले, अप्पा, तुम्ही तर आयुष्यभर सायन्स शिकवले, तुम्हाला काय वाटते?

अप्पा म्हणाले, वाटण्याचा प्रश्न नाही. पाहावे लागेल.

*

वैजिनाथअप्पांनी तीस-बत्तीस वर्षे धारूरच्या शाळेत भौतिक आणि रसायन हे विषय शिकवले होते. या काळात बालाघाटाच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन त्यांनी पाण्याने दिवा पेटवून दाखवला होता, नारळातून लाल धागा काढला होता, जिभेवर कापूर जाळला होता आणि प्रत्येक वेळी त्यामागची युक्ती लोकांना समजावून सांगितली होती. लिंगायत म्हणून गळ्यात बांधलेले इष्टलिंग त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी काढून चांदीच्या डबीत ठेवले. ती डबी मल्लम्मा रोज पुसत आणि त्याबद्दल काही बोलत नसत. ही त्या दोघांमधली जुनी तडजोड होती.

त्यांचा एकुलता मुलगा योगीराज मोबाइल दुरुस्त करीत असे. बस स्थानकासमोर त्याचे दुकान होते. दुकान म्हणजे एक काउंटर, एक दिवा आणि डोळ्याला लावायचे एक भिंग. त्याला विमानात बसायची हौस नव्हती. त्याला विमान उघडून पाहायची हौस होती. दोन वर्षांपूर्वी त्याने हरिकेन नावाच्या विमानाच्या प्रतिकृतीचे सुटे भाग कुरियरने मागवले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय वैमानिकांनी हे विमान उडवले होते. पण योगीराजने ते निवडले ते त्यासाठी नव्हे. या विमानाची मागची अर्धी बाजू लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाची असे. गोळ्यांनी चाळण झाली तरी मैदानावरच ठिगळ लावून ते पुन्हा उडवता येई.

“इतर इमानं लई देखणी असत्याल,” तो अपेक्षाला म्हणाला होता. “पन हे दुरुस्त होतंय.”

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो ओट्याजवळच्या टेबलाशी बसून एखादा भाग जोडत असे. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी, एका सकाळी, बीडहून सुटे सामान आणायला म्हणून तो मोटारसायकलवर निघाला. बीडच्या अलीकडे महामार्गावर त्याला मागून एका मालमोटारीने उडवले. मोटारसायकल दुरुस्त होण्यासारखी होती. मेहुण्याने ती तलवाड्याला नेऊन विकली.

विमान टेबलावर तसेच राहिले. धड आणि पंख जोडून झाले होते. पोटाला राखाडी रंगही लागला होता. चाके, पंखा, वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण असे लहान भाग स्क्रू ठेवायच्या एका गोल डबीत होते. दोन-तीन महिने त्याला कोणी हात लावला नाही. मग एका सकाळी अप्पा त्या टेबलाशी जाऊन बसले. हे त्यांनी का केले, हे त्यांना कोणी विचारले नाही.

त्यांना ते काम येत नव्हते. वरच्या भागाला आधी मातीसारखा तपकिरी रंग द्यायचा, तो वाळल्यावर चिकटपट्टीने नागमोडी आकार झाकायचे आणि उरलेल्या जागेवर गडद हिरवा चढवायचा, एवढे सूचनापत्रावरच्या चित्रांवरून समजत होते. पण पहिल्याच दिवशी त्यांनी रंग घट्ट घेतला आणि डाव्या पंखावर ब्रशचे ओरखडे उठले. अपेक्षा चहा ठेवायला आली होती. तिने वाटीत पाण्याचे चार थेंब टाकले, काडीने ढवळले आणि काडी वर धरून रंग कसा ओघळतो ते त्यांना दाखवले.

“दुधावानी पायजे. ते असंच करत.”

त्यानंतर ती रोज रंग कालवून देऊ लागली. सासरा-सून त्या टेबलाशी बसत आणि बहुतेक वेळ बोलत नसत. ओरखडे पॉलिश पेपरने घासून तो पंख पुन्हा रंगवला गेला. पंखांवरची गोल चिन्हे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची होती. ती नुसती निळी होती, आत फिक्या निळ्याचा ठिपका. मधला लाल ठिपका छापायचा राहिला असावा, असे अप्पांना वाटले. अपेक्षाने सांगितले की तो मुद्दामच नाही. जपान्यांच्या विमानावर लाल गोळा असायचा. घाईत आपल्याच माणसांनी आपल्यावर गोळी चालवू नये म्हणून त्या आघाडीवर लाल काढून टाकला होता.

“तुला कोणी सांगितलं?”

“त्यांनी. रोज सांगायचे कायतरी. मी नुसतं हं हं करायची.” तिने चिन्ह बोटाच्या टोकाने दाबून धरले. “ध्यानात राहिलंय हे मला आत्ता कळतंय.”

शेवटी चाके बसवली. चाकाला आणि त्याच्या दांड्याला अशी खाच होती की चाक एकाच तऱ्हेने बसेल. विमान आपल्या पायांवर उभे राहिले. त्याचा उजवा पंख केसभर खाली वाटत होता. अप्पांनी तो आपल्या हाताचा दोष मानला.

मल्लम्मांनी ते उचलून कपाटात ठेवले, तोंड रस्त्याकडे करून. “बाहीर जाऊ द्या त्याला,” एवढेच त्या म्हणाल्या. संध्याकाळी दिवा लावताना त्यांनीच प्रथम पाहिले की ते आत वळले आहे. तेव्हापासून रोज सकाळी त्या ते पुन्हा रस्त्याकडे करून ठेवू लागल्या, आणि संध्याकाळपर्यंत ते आत वळलेले असे.

*

अप्पांनी पहिला संशय मल्लम्मांवर घेतला, दुसरा अपेक्षावर. दोन्ही संशय त्यांनी मनातच ठेवले आणि कपाटाला कुलूप आणले. कुलूप लागल्यावरही विमान वळत राहिले. तेव्हापासून शेजारच्या बायका दुपारच्या काहीतरी निमित्ताने येऊन जाऊ लागल्या. मल्लम्मांनी कपाटासमोर, त्याला बसायला म्हणून, पाट ठेवला. अपेक्षा आतल्या खोलीचे दार दिवसभर उघडे ठेवू लागली आणि दुपारी त्या दाराकडे तोंड करून निजू लागली. अप्पांना या सगळ्यात भीती वाटली ती या एकाच गोष्टीची. अपेक्षा अजून तिशीचीही नव्हती.

त्यांचा तिसरा संशय गिरणीवर होता. घराची ती भिंत राधाकिशनच्या पिठाच्या गिरणीशी सामाईक होती. गिरणी पंचवीस वर्षे तिथे होती, त्यामुळे घरातल्या कोणाला तिचा आवाज ऐकू येत नसे. ती बंद पडली तर मात्र सगळे चमकून वर पाहत.

अप्पा गिरणीवर गेले. राधाकिशन भुवयांपर्यंत पांढरा होऊन ज्वारीचा डबा उपडा करीत होता. अप्पांनी त्याला विचारले की थ्री फेज वीज कोणकोणत्या वेळी येते.

“ती यायची म्हनल्यावर येती व्हय, सर? तिच्या मनावर हाय.” त्याने हात झटकले. “पन कावून?”

अप्पांनी कारण सांगितले. राधाकिशन हसला, मग गल्लीत कोणी ऐकत नाही ना ते पाहून हसू आवरले.

“सर, माझी गिरनी ज्वारी दळती, गहू दळती. इमान वळवायचं काम मी कवा घेतलंच न्हाई.”

“उद्या तू दळण सुरू करशील तेव्हा मला हाक मार. बंद करशील तेव्हाही मार.”

“मारतो की. पन एक सांगू का? घरातल्या बायांना बरं वाटत आसंल तर फिरू द्या ना. तुमचं काय जातंय?”

अप्पा घरी परतले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटात विमानाशेजारी पाण्याने भरलेली वाटी ठेवली. गिरणी बंद असताना पाणी काचेसारखे स्थिर होते. राधाकिशनने हाक मारली आणि पाण्यावर बारीक वर्तुळे उठली. वाटीतले पाणी भिंतीच्या बाजूला किंचित चढलेले होते. म्हणजे फळीला भिंतीकडे उतार होता. बुधवारी वीज आलीच नाही, आणि त्या संध्याकाळी विमान रस्त्याकडे पाहत होते. मल्लम्मा म्हणाल्या की आज त्याचे मन नसेल.

अप्पांनी अपेक्षाला बोलावून वाटी दाखवली. तिने ती नीट पाहिली. ती बारावीपर्यंत विज्ञानच शिकली होती.

“गिरणीनं हालतं, हे पटलं,” ती म्हणाली. “पन अप्पा, याच फळीवर तुमचा सत्काराचा करंडक हाय. आत्याबाईंची समई हाय. ते कावून फिरत न्हाईत?”

“ते जड आहेत.”

“ही वाटी जड न्हाई.”

अप्पांनी वाटीकडे पाहिले. वाटी जागची हलली नव्हती.

“आन् दरवेळी माझ्याच खोलीकडं? एकदा तरी तिकडं जावं की नुसतं, रस्त्याकडं.” तिचा आवाज चढला नव्हता. “तुमी हालायचं कारन सांगितलं. वळायचं न्हाई सांगितलं.”

हा आक्षेप बिनतोड होता. शाळेत एखाद्या विद्यार्थ्याने तो घेतला असता तर अप्पांनी त्याची पाठ थोपटली असती. त्यांना त्या क्षणी, कपाटासमोर उभे असताना, पाठीवरून गार काहीतरी सरकल्यासारखे वाटले. ते काय होते हे ओळखायला त्यांना वेळ लागला. आयुष्यभर लोकांच्या चेहऱ्यावर पाहिलेली ती भीती होती.

*

शनिवारी सकाळी ते मल्लम्मांच्या पूजेच्या जागी गेले आणि त्यांनी विभूती मागितली. मल्लम्मांनी वर पाहिले. लग्नाला चाळीस वर्षे झाली होती आणि ही मागणी पहिल्यांदाच होत होती.

“लावायला?”

“नाही. कपाटात पसरायला. फार बारीक राख लागते, आणि तुझ्याकडे आहे तिच्याइतकी बारीक गावात कुठे नाही.”

मल्लम्मांनी विभूतीची वडी उचलून त्यांच्या हातात दिली नाही. त्या स्वतः उठल्या, पातळ मलमलीच्या फडक्यात ती चुरली आणि फडके हळूहळू झटकत साऱ्या फळीवर राखेचा एकसारखा पापुद्रा पाडला. हे काम त्यांनी ज्या सफाईने केले, तशी प्रयोगशाळेत अप्पांना कधी साधली नव्हती. मग विमान वरून अलगद ठेवले, तोंड रस्त्याकडे.

“कुनाची बोटं उमटतील म्हनून का?” त्यांनी विचारले.

“काय उमटेल ते पाहू.”

“त्याची उमटली तर मला सांगाल?”

“सांगेन.”

“आन् न्हाई उमटली तर?”

“तेही सांगेन.”

“तुमी सांगालच,” मल्लम्मा म्हणाल्या आणि फडके घडी करून आत गेल्या.

त्या दिवशी गिरणी भरपूर चालली. उन्हे उतरताना अप्पांनी कुलूप काढले. विमान आत वळलेले होते आणि त्याची शेपटी कपाटाच्या चौकटीला टेकली होती. ते त्या दारावरच का थांबते, हे एवढ्यावरून उघड झाले. पुढे वळायला जागाच नव्हती. राखेत कोणाचे बोट उमटलेले नव्हते. डाव्या चाकापासून एक रेघ निघाली होती. ती सुईने काढावी इतकी बारीक होती, आणि कंपासने काढावी तशी नेमकी, भिंतीकडे वाकत गेली होती. उजव्या चाकाखाली रेघ नव्हती. तिथे केवळ एक लहानसा चपटा ठसा होता, जागच्या जागी थोडा फिरलेला.

अप्पांनी विमान उचलून टेबलावर आणले. योगीराजचे भिंग डोळ्याला लावले, विमान उलटे धरले आणि दोन्ही चाके पाहिली. मग पुन्हा पाहिली. मग त्यांनी अपेक्षाला हाक मारली आणि भिंग तिच्या हातात दिले.

ती बराच वेळ पाहत होती.

“याला खाली चपटं कुनी केलं?” अप्पांनी विचारले. “आपण तर घासलं नाही.”

अपेक्षाने भिंग काढले नाही. तिने सांगितले ते भिंगातून पाहतच सांगितले. खरे विमान वजनदार असते, त्याच्या भाराने टायर जमिनीशी दबतात. प्रतिकृतीची चाके गोल गरगरीत ठेवली तर विमान हवेत तरंगल्यासारखे दिसते, जमिनीवर उभे वाटत नाही. म्हणून चाक खालून जरासे घासायचे. त्या सकाळी तो पॉलिश पेपरवर चाक घासत बसला होता. तिने आवाज दिला, बीडला जायचे म्हणता आणि अजून इथेच. तो उठला. हातातले चाक फुंकून त्याने डबीत टाकले.

“म्हनले, दुसरं मी परत आल्यावर करतो.”

गिरणी तेव्हा बंद झाली आणि दोघांनी चमकून वर पाहिले.

पॉलिश पेपरचा तुकडा टेबलाच्या खणात होता. अप्पांनी तो काढून टेबलावर ठेवला. डावे चाक घासायला चहा होण्याइतकाही वेळ लागला नसता. अपेक्षाने तुकड्याकडे पाहिले, त्याच्या एका कोपऱ्यावर काळ्या रंगाची पूड बसलेली होती. तिने त्यावरून बोट फिरवले नाही.

“म्हंजे मला बोलवत न्हाईत.”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “बरं.” मग ती आत गेली आणि तिने आतल्या खोलीचे दार लोटून घेतले. गेल्या कित्येक आठवड्यांत ते दार प्रथमच बंद झाले.

मल्लम्मा कपाटासमोर उभ्या होत्या. अप्पांनी त्यांना कबूल केल्याप्रमाणे सर्व सांगितले: गिरणी, उतार, चाक. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“म्हंजे घासलं त्यानंच व्हतं.”

“एक. हो.”

मल्लम्मांनी राखेतली ती बारीक रेघ दोन बोटांनी पुसली आणि बोटे कपाळाला लावली. “तुमी दुसरं घासू नका,” त्या म्हणाल्या. “तेवढं ऐका माझं.”

रविवारी सोमेश्वर आला तेव्हा अपेक्षाची बॅग बाहेरच्या खोलीत तयार होती. निघताना ती दोघांच्या पाया पडली. कपाटाकडे पाहून तिने काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले आणि मग भावाला म्हणाली की गाडी चुकेल. अप्पा त्यांना स्थानकापर्यंत पोचवून आले. योगीराजच्या दुकानाच्या जागी आता रिचार्जचा फलक लागला होता. ते त्याच्याकडे न पाहता पुढे गेले.

आता रोज सकाळी कुलूप अप्पाच काढतात. विमानाचे तोंड ते स्वतः रस्त्याकडे करतात, कपाट लावतात आणि वर्तमानपत्र वाचत बसतात. राधाकिशनने एकदा त्यांना विचारले की सर, लागला का शोध. अप्पांनी त्याला सांगितले, आणि कोणीही विचारले तर ते असेच सांगतात, त्यात एकही शब्द कमी-जास्त करीत नाहीत: गिरणी चालली की फळी थरथरते. फळीला भिंतीकडे उतार आहे. उजवे चाक खालून घासलेले आहे, म्हणून ते जागा धरून राहते. डावे गोल आहे, म्हणून ते उताराने सरकते. ते घासायचे राहिले.